मागच्या पानावरचे न्यायाधीश

आपला मुलगा रिपब्लिकन झाल्याची बातमी आयडालीन लेडफर्डला पार्लरमध्ये केस धुवून घेताना कळली. डोकं मागे बेसिनमध्ये, मानेखाली टॉवेल, डोळे मिटलेले. अशा अवस्थेत माणसाला उठून भांडताही येत नाही, आणि मॉझेल प्रेस्नेलने नेमकी तीच वेळ साधली. शेजारच्या खुर्चीत डोक्याला रोलर लावून बसलेली मॉझेल गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन गं आयडालीन. शेवटी तुझ्याही घरात एक शहाणा निघाला."

"म्हणजे?"

"वेंडेलने काल राजधानीत, रॅलेला अर्ज भरला ना. अपील कोर्टाच्या न्यायाधीशाच्या जागेसाठी. आमच्या पक्षाकडून." मॉझेलने जरा थांबून विचारलं, "अगं, तुला माहीत नव्हतं?"

आयडालीनने डोळे उघडले. त्यात साबण गेला. पुढचा अर्धा तास तिचे डोळे लाल होते, आणि ते साबणानेच झालेत असं तिने दुकानातल्या सगळ्यांना दोनदा सांगितलं.

बीचगॅपच्या खोऱ्यात पक्ष कोणी निवडत नाही, तो अंगावरच्या रंगासारखा जन्मतःच येतो. ओढ्याच्या अलीकडचे डेमोक्रॅट, पलीकडचे रिपब्लिकन. हे पणजोबांच्या काळातल्या यादवी युद्धापासून चालत आलेलं, आणि तेव्हा कोण कोणाच्या बाजूने लढलं होतं हे आता दोन्हीकडच्यांना धड सांगता येत नाही. लग्न ठरवताना आधी चर्च विचारतात, मग पक्ष, आणि मुलगा दारू पितो का हे त्यानंतर. नॉर्थ कॅरोलिनाच्या बाकीच्या भागात लोक इकडचे तिकडे झाले असतील, शहरांत तर रोज होत असतील. डोंगरात मात्र लेडफर्ड म्हणजे डेमोक्रॅट आणि प्रेस्नेल म्हणजे रिपब्लिकन, यात बदल झालेला नव्हता. डिसेंबरातल्या त्या दिवसापर्यंत.

घरी आल्या आल्या तिने फोन लावला.

"कळलं वाटतं," वेंडेल म्हणाला. तो एक्कावन्न वर्षांचा होता, पण आईचा फोन उचलताना त्याचा आवाज अजूनही शाळेतून चिठ्ठी आल्यासारखा व्हायचा.

"मॉझेलकडून कळलं. डोक्याला फेस लावलेला असताना."

"मी रविवारी येऊन सांगणार होतो, आई."

"रविवारी! म्हणजे माणूस पुरून झाल्यावर आजाराची बातमी."

"आधी सांगितलं असतं तर तू भरू दिला असतास अर्ज?"

"नसता दिला."

"मग?"

ती जास्तच चिडली. वेंडेल शांतपणे सांगत राहिला. वकिलाची सवय. चार वर्षांपूर्वी तो याच कोर्टाच्या दुसऱ्या एका जागेसाठी डेमोक्रॅट म्हणून उभा राहिला होता आणि पडला होता. "मी माझ्यामुळे पडलो का आई? माझं नाव तरी कोणाला ठाऊक होतं? वरच्या मोठ्या जागांसाठी ज्यांची हवा होती, त्यांच्यामागोमाग मतपत्रिकेच्या मागच्या पानावरचे त्यांच्या पक्षाचे सगळे निवडून आले. वीस वर्षं मी त्या कोर्टात बसून न्यायाधीशांसाठी कागद वाचतोय. त्यांनी सह्या केलेल्या निकालांतले निम्मे मी लिहिलेत. काम तेच, झगा तोच काळा. नावापुढचं पक्षाचं एक अक्षर तेवढं बदललं."

"अक्षराला एवढी कमी किंमत असेल तर बदललंस कशाला?"

तो हळूच म्हणाला, "बाबांचा निकाल कोणी लिहिला होता, माहितीये तुला? कोणत्या पक्षाच्या न्यायाधीशाने?"

"माहितीये. रिपब्लिकन होता. तेव्हापासून माहितीये."

"कधी बोलली नाहीस!"

"तुझ्या बापाला कळलं असतं तर भरपाई परत पाठवली असती त्याने." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तो न्यायाधीश जन्माने त्या पक्षाचा होता वेंडेल. तू वारा बघून झालास. मला पक्षाचा राग नाही. मला वाऱ्याचा राग आहे."

आणि तिने फोन ठेवला. रविवारी तो आला, दोघं जेवली, हवापाण्याचं बोलली. पुढचं वर्षभर ती दोघं फक्त हवापाण्याचंच बोलत होती.

वेंडेलच्या बापाचं, हॉइटचं प्रकरण खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लाकडाच्या गिरणीत करवतीने त्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली. पात्यावरचं लोखंडी झाकण काम भराभर व्हावं म्हणून मुकादमाने काढून ठेवलं होतं. गिरणीवाल्यांनी सांगितलं, हा पिऊन आला होता. ज्या माणसाने आयुष्यात ताकाशिवाय काही प्यायलं नाही, त्याच्याबद्दल! भरपाई ठरवणाऱ्या साहेबांनी गिरणीवाल्यांचं खरं मानलं. प्रकरण रॅलेला अपील कोर्टात गेलं. तिथल्या तीन न्यायाधीशांनी हॉइटला कधी पाहिलं नव्हतं, बीचगॅप नकाशात कुठे आहे हेही त्यांना माहीत नसणार. पण त्यांनी सगळे कागद शेवटपर्यंत वाचले आणि झाकणाबद्दल विचारलं. एवढंच. झाकण कुठे होतं? त्या एका प्रश्नावर निकाल फिरला.

त्या वर्षी नोव्हेंबरात आयडालीन मत द्यायला गेली. मतपत्रिका उलटली तर मागच्या बाजूला, पार खाली, त्याच कोर्टाच्या न्यायाधीशांची नावं. तोपर्यंत ती बाजू तिने दर वेळी कोरी सोडली होती. अर्धं खोरं सोडायचं. पुढच्या पानावर अध्यक्ष, राज्यपाल, आमदार, शेरीफ, म्हणजे ज्यांचे चेहरे पाट्यांवर असतात ते सगळे. मागे कोण हे बघायला कोणाला सवड? तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून ती दर निवडणुकीला, जिथे मतदान व्हायचं त्या अग्निशमन केंद्राच्या बाहेर, प्रचाराची हद्द आखणाऱ्या खडूच्या रेघेच्या अलीकडे, पक्षाच्या तंबूत उभी राहायला लागली. पक्षाच्या उमेदवारांच्या नावांचं निळं पत्रक हातात द्यायची आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची, "पान उलटा. न्यायाधीश मागे आहेत."

मध्ये काही वर्षं न्यायाधीशांच्या नावापुढून पक्षाचं अक्षर काढून टाकलं होतं, मग ते परत आणलं. कशासाठी काढलं आणि कशासाठी आणलं, हे काढणाऱ्या-आणणाऱ्यांना ठाऊक. आयडालीनचं वाक्य बदललं नाही. ती ते पलीकडच्यांनाही सांगायची. वाटेच्या दुसऱ्या बाजूच्या तंबूत लाल पत्रकं वाटणारी मॉझेल सुरुवातीला ओरडायची, "माझ्या गिऱ्हाइकांना काय शिकवतेस!" पण पुढे तीही सरावली. लोक मत द्यायला यायचे, या दोघींची तू-तू मैं-मैं ऐकायचे, आयडालीनचं वाक्य ऐकायचे, आणि आत जाऊन पान उलटायचे.

यंदाच्या निळ्या पत्रकावर वेंडेलच्या जागेसाठी नाव होतं डेनिस कॉर्बेट. शार्लट शहरातली वकील. उन्हाळ्यात ती पक्षाच्या जेवणाला आली होती आणि आयडालीन तिच्यावर नाराज व्हायच्या पूर्ण तयारीने गेली होती. पण बाई चांगली निघाली. बुडवलेल्या मजुरीच्या केसेस लढलेली, मान डोलावून ऐकून घेणारी, बीन्स आणि मक्याचा ब्रेड दोनदा मागून घेणारी. जेवण झाल्यावर तिने आयडालीनचा हात धरून म्हटलं, "मिसेस लेडफर्ड, तुम्हाला हे किती अवघड असेल मला कळतं. तुम्ही यंदा घरी बसलात तरी कोणी काही म्हणणार नाही."

"मी घरी बसत नसते," आयडालीन म्हणाली, आणि घरी येताना गाडीत रडली.

मतदानाच्या दिवशी सकाळी गवतावर हिम पडलं होतं. उजाडायच्या आत दोन्ही तंबू लागले. मॉझेलने थर्मासमधून कॉफी ओतली, आयडालीनने सॉसेज घातलेली, पावासारखी गरम बिस्किटं काढली. मतं वेगळी असली तरी न्याहारी गेली कित्येक वर्षं एकत्रच होती.

"आज मी तुझा मुलगा विकतेय," मॉझेल लाल पत्रकांचा गठ्ठा हलवत म्हणाली. "छान खपेल. रंगरूप बापावर गेलंय ते बरं झालं."

"वीक. परत मात्र घेणार नाही."

"हॉइट असता तर काय म्हणाला असता गं?"

"तो म्हणाला नसता, त्याने तुझा तंबू पेटवला असता," आयडालीन म्हणाली. "अग्निशमन केंद्रासमोरच."

दोघी हसल्या. मग पहिली गाडी आली. अलीकडचंच कुटुंब, नवरा-बायको. आयडालीनने दोन निळी पत्रकं पुढे केली, तोंड उघडलं, आणि वाक्य आलंच नाही. ही दोघं आत जाणार, पान उलटणार, पत्रकावर बघून कॉर्बेटबाईच्या नावापुढचा गोल काळा करणार. आयडालीन गप्प बसली तर दोघंही पान न उलटता बाहेर येतील. कोणाचं काय बिघडणार होतं? तिने खोटं थोडंच बोलायचं होतं. नुसतं गप्प राहायचं. तिने पत्रकं दिली आणि म्हणाली, "थंडी आहे आज."

नंतरच्या गाडीलाही तेच, आणि त्यानंतरच्याही. मॉझेलने दोनदा मान वळवून बघितलं.

मग ऑर्व्हिल फेंडर आला. मधमाश्या पाळणारा, नव्वदीला टेकलेला, काठी टेकत टेकत आत गेला आणि टेकत टेकत बाहेर आला. थेट आयडालीनसमोर येऊन उभा राहिला.

"आयडालीन, यंदा मागे काही नव्हतं का?"

"होतं की."

"न्यायाधीश?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?" म्हातारा गोंधळून गेला होता. "तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं यंदा मागची बाजू कोरी असेल. मी कागद तसाच मशीनमध्ये घातला. आता परत देतात का तो?"

"परत नाही देत, ऑर्व्हिल."

"बघ आता. गेलं ना माझं मत. बोलायला काय झालं होतं तुला? घसा बसलाय?"

तो पुटपुटत गाडीकडे गेला. आयडालीन तिथेच उभी राहिली. कानशिलं तापली होती. तिला वाटलं होतं, आपण गप्प राहिलो म्हणजे आपण काही केलं नाही. पण या खोऱ्याने इतकी वर्षं तिच्या तोंडाकडे बघून पान उलटलं होतं. तिचं गप्प राहणं म्हणजेच 'उलटू नका' असं सांगणं होतं. आणि कोणाला? ऑर्व्हिलला, ज्याने हॉइटच्या बाजूने साक्ष दिली म्हणून गिरणीतली नोकरी घालवली होती.

मॉझेल वाट ओलांडून आली. खांद्यावरची शाल काढून तिने आयडालीनच्या खांद्यावर टाकली, फार प्रेमाने नव्हे, खुर्चीवर टाकावी तशी.

"हे बघ," ती म्हणाली, "तू गप्प बसलीस तर फायदा माझाच आहे. तुझी माणसं मागे बघणार नाहीत आणि माझं गिऱ्हाईक तर लाल पत्रक घेऊन बरोबर खालपर्यंत जातं. म्हणजे मी खूश व्हायला हवं. पण सकाळपासून मला कसंतरीच होतंय. चर्चमध्ये बसलोय आणि घंटाच वाजली नाही असं. बोल बाई एकदाची."

"तो माझा मुलगा आहे, मॉझेल."

"माहितीये. मीच विकतेय ना त्याला."

आयडालीनने नाक पुसलं. एक लाल ट्रक वळून आत येत होता. त्यात पलीकडचे तिघं भाऊ होते. ते आयडालीनकडे न बघता मॉझेलच्या तंबूकडे चालले होते, तेवढ्यात तिने इकडून हाक मारली, "ए पोरांनो! पान उलटा. न्यायाधीश मागे आहेत."

"माहितीये, आयडालीनबाई," थोरला हसत म्हणाला. "आज उशीर केलात तुम्ही."

त्यानंतर तिने एकालाही सोडलं नाही. सकाळी गप्प राहून ज्यांना पाठवलं होतं त्यांच्यापैकी दोघांना तिने फोनही केला. मतं तर गेलीच होती, तिने नुसती माफी मागितली. तुला बरं नाही का, असं त्यांनी विचारलं.

दुपार कलल्यावर वेंडेल आला. उमेदवार त्या दिवशी या केंद्रावरून त्या केंद्रावर फिरत असतात. त्याने आपलं गाव शेवटी ठेवलं होतं, कारण उघड होतं. गाडीतून उतरून तो आधी मॉझेलकडे गेला, चारचौघांशी हात मिळवले. ती सगळी प्रेस्नेल मंडळी. त्यांच्या घोळक्यात तो उंच लेडफर्ड, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखा दिसत होता. आयडालीनला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

मग तो वाट ओलांडून तिच्याकडे आला. निळ्या पत्रकांच्या टेबलाशी कोट सावरून उभा राहिला.

"थंडी वाजत नाही, आई?"

"मॉझेलकडे शेगडी आहे. तुमच्या लोकांची चैन आहे."

त्याने एक बिस्किट उचललं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं. "सकाळपासून सगळ्यांना सांगतेयस?"

"सगळ्यांना नाही. सकाळी थोडा वेळ माझा आवाज बसला होता." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आता सांगतेय."

कशामुळे बसला होता हे त्याला समजलं. वीस वर्षं लोकांनी न सांगितलेल्या गोष्टी कागदांतून वाचून काढण्याचंच त्याचं काम होतं. तो म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही, आई. फक्त एवढंच, की ही माझी शेवटची खेप आहे. पडलो तर पुन्हा उभा राहणार नाही. म्हाताऱ्या न्यायाधीशांसाठी निकाल लिहीत निवृत्त होईन."

हा मुलगा बापाच्या निकालाची प्रत उशाखाली ठेवून मोठा झाला होता. दुसऱ्यांच्या पोरांना विमान चालवायचं असतं, याला काळा झगा घालून प्रश्न विचारायचा होता, झाकण कुठे होतं.

"बिस्किट खा," ती म्हणाली. "गार होतंय."

तेवढ्यात ओढ्याअलीकडच्या चर्चची गाडी आली. त्यातून सात-आठ म्हाताऱ्या एकमेकींना आधार देत उतरल्या. सगळ्या आयडालीनच्या मैत्रिणी, सगळ्या पक्क्या डेमोक्रॅट. त्या तंबूपाशी आल्या, वेंडेलला पाहून थबकल्या. एकीने त्याच्या गालाला हात लावला. मग सगळ्या आयडालीनच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. तिने एकेकीच्या हातात निळं पत्रक दिलं. मुलगा हातभर अंतरावर होता. ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मोठा कसा निघाला हे तिचं तिलाच कळलं नाही, "पान उलटा. न्यायाधीश मागे आहेत."

म्हाताऱ्या आत गेल्या. वेंडेलने बिस्किट संपवलं, हात झटकले, वाकून आईच्या केसांवर ओठ टेकवले.

"मोठ्याने बोलतेस अजून," तो म्हणाला आणि गेला.

दार बंद व्हायला थोडाच वेळ उरला तेव्हा ती स्वतः मत द्यायला आत गेली. एरवी ती सकाळी सगळ्यांत आधी द्यायची. यंदा दिवसभर टाळलं होतं. एका बाजूला लाल बंब उभा होता आणि त्याच्या शेजारी मतदानाची आडोसा केलेली टेबलं. पुढचं पान तिने नेहमीसारखं भरलं, वरपासून खालपर्यंत, विचारही न करता. मग कागदाच्या कडेवर हात ठेवला.

उलटलं की तो दिसणार होता. वेंडेल हॉइट लेडफर्ड. बापाचं नाव मध्ये घालून. त्याच्यापुढे ते अक्षर. आणि त्याच्यावर किंवा खाली ती बीन्स दोनदा मागणारी बाई, जिच्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. तिने डोळ्यांसमोर आणून बघितलं. मुलाच्या नावापुढचा गोल काळा केला तर इतकी वर्षं ती लोकांना पान कशासाठी उलटायला सांगत होती? वकील म्हणून तो कसा, हे तिला माहीत होतं, पण त्यासाठी तिचा हात गेला नसता. तो तिने वाढवला म्हणून गेला असता. आणि कॉर्बेटबाईचा केला तर? तर रविवारी त्याला जेवायला वाढताना ती कुठे बघणार होती? हात तिथेच राहिला. शेवटी तिने कागद होता तसाच उचलला आणि मशीनमध्ये सरकवला.

बाहेर मॉझेल तंबूच्या दोऱ्या सोडत होती. "उलटलंस?"

"तुला काय करायचंय," आयडालीन म्हणाली. "ते टोक धर."

निकाल लगेच लागला नाही. अख्ख्या राज्याची मतं, आणि फरक इतका थोडा की एकदा मोजून झाल्यावर परत मोजायला घेतली. ते सहा आठवडे आयडालीनला जेवण गेलं नाही. एका मताने राज्यात कोणी पडत नसतं हे तिला कळत होतं. कळत असूनही ती रोज सकाळी उठून तेच हिशेब करायची. तो पडला तर सकाळचं आपलं गप्प राहणं वाया गेलं आणि दुपारचं बोलणं त्याला भोवलं. तो निवडून आला तर आपल्या मताशिवाय आला. आणि काहीही झालं तरी, सगळ्या खोऱ्याला पान उलटायला लावणारी बाई स्वतःचं पान न उलटता आली. हे तिने मॉझेललाही सांगितलं नाही. चर्चमध्ये ऑर्व्हिल दिसला की ती नजर चुकवायची.

नाताळच्या आधी निकाल जाहीर झाला. वेंडेल निवडून आला, काठावर. मॉझेल सुक्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन आली आणि आयडालीनने तो घेतला. फक्त एवढं म्हणाली की दालचिनी कमी पडली.

जानेवारीत, शपथविधीच्या आदल्या रविवारी, तो हॉइटचं बायबल न्यायला आला. शपथ घेताना घरचं कोणीतरी ते धरतं. जेवणं झाली. भांडी टेबलावर तशीच होती. तो म्हणाला, "आई, धरशील ना तू?"

आयडालीनने एप्रनला हात पुसले. कोरडे होते तरी पुसले.

"आधी एक ऐक. मी तुला मत दिलं नाही."

"माहितीये."

"कसं माहितीये?"

"दिलं असतंस तर त्याच दिवशी बोलून मोकळी झाली असतीस. आणि माझ्याविरुद्ध दिलं असतंस तर सगळ्या खोऱ्याला ऐकू गेलं असतं." तो किंचित हसला. "तू गप्प होतीस. म्हणून मला वाटलं, कोणालाच दिलं नसेल."

"मी पान उलटलंच नाही, वेंडेल." आता तिच्याने राहवेना. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली, भांडी समोर असताना, एप्रन तोंडाला लावून. "इतकी वर्षं मी लोकांच्या मागे लागले. त्या बिचाऱ्या ऑर्व्हिलचं मत घालवलं. आणि माझी वेळ आली तर मला नाही जमलं. तुझंही नाही केलं, तिचंही नाही केलं. कोरा कागद घातला. लाज वाटते मला. बायबल दुसऱ्या कोणाला तरी धरू दे."

वेंडेल खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"आई, आमच्या कोर्टात एक नियम आहे. समोरच्या खटल्यात न्यायाधीशाचं स्वतःचं माणूस असलं, तर त्याने तो खटला ऐकायचा नाही. कितीही हुशार असो, कितीही प्रामाणिक असो. याच्या बाजूने नाही, त्याच्याही बाजूने नाही, उठून बाजूला व्हायचं. निकाल बाकीच्यांनी द्यायचा." त्याने तिच्या तोंडावरचा एप्रन खाली केला. "आमच्याकडे त्याची कोणाला लाज वाटत नाही. तसं न करणाऱ्याला वाटते. म्हणजे वाटायला हवी."

"मी काही नियम बघून केलं नाही. माझा हातच उचलला नाही."

"त्या माणसांचाही आधी हातच उचलला नसेल. नियम नंतर लिहिला."

आयडालीन त्याच्याकडे बघत राहिली. हे तो आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय का, हे तिने नीट तपासून पाहिलं. पोटच्या पोराचं तेवढं कळतं. तो मनापासून बोलत होता. आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला वाटलं की अक्षर कुठलंही असो, झाकण कुठे होतं हे हा विचारील.

तिने नाक पुसलं, उठली, आतून बायबल आणलं आणि फडक्याने त्याचा पुठ्ठा पुसला. "मी धरीन. पण निळा कोट घालून येणार."

"घाल ना."

"आणि मॉझेलही येणार आहे. तिच्या मते तुला तिने निवडून आणलंय. वाटभर तेच ऐकावं लागेल, सांगून ठेवते."

"ऐकू."

तो बायबल घेऊन दारापर्यंत गेला. बाहेर अंगणात बर्फ भुरभुरत होता. पायरीवर तो वळला. "आठ वर्षांनी परत निवडणूक आहे आई. तेव्हा काय?"

"तोवर असले तर तंबूत असेन," आयडालीन म्हणाली. "निळ्याच. सगळ्यांना सांगेन, पान उलटा, न्यायाधीश मागे आहेत."

"आणि तू?"

"मी कशी उलटू?" ती म्हणाली. "माझं माणूस आहे ना त्यात."